३१ जुलैची फेरी

मी मुंबईत जुन्या इमारती दाखवत पायी फेऱ्या घेते. पावसाळ्यात मी गटाला छत्र्या आणू देत नाही, रेनकोटच घालायला सांगते. छत्रीखालच्या माणसाला वर बघता येत नाही आणि सीएसएमटी रेल्वे स्थानकाच्या इमारतीतलं पाहण्यासारखं जवळपास सगळं वरच आहे. शिवाय वीस छत्र्यांना मुंबईतला एकही फुटपाथ पुरत नाही.

३१ जुलैला एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे व्यापारी नाना शंकरशेट यांची पुण्यतिथी असते. त्या दिवशीची फेरी एका कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ठरवली होती. 'उद्योजक आणि नेतृत्व' हा विषय त्यांनीच दिला होता. असे विषय आले की मला धास्ती वाटते, कारण मग लोकांना 'पहिले' आणि 'जनक' एवढे दोनच शब्द ऐकायचे असतात. नाना त्याहून खूप मोठे आहेत.

सुरुवात नाना चौकातून केली. डोक्यावर स्कायवॉक, चारी बाजूंनी हॉर्न, त्यामुळे तिथे बोलणं शक्यच नसतं. म्हणून गटाला भवानीशंकर मंदिराकडे नेलं आणि पेढीपासून गोष्ट सुरू केली. १८२२ मध्ये वडील वारले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. पुढे अरब आणि अफगाण व्यापारी आपली ठेव बँकेत न ठेवता त्यांच्याकडे ठेवत. हा भाग मी नेहमी सावकाश सांगते. पुढचं सगळं या विश्वासावर उभं राहिलं: १८४५ मध्ये पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्यासोबत रेल्वेसाठी काढलेली संस्था, १८५२ ची बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था, एल्फिन्स्टन शिक्षणसंस्था, मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात दिलेली जागा. ज्याच्या शब्दावर परका माणूस सोनं ठेवून जातो, त्याच्या शब्दावर गाव शाळेत मुलगीही पाठवतं, असं मला मनापासून वाटतं.

सीएसएमटीसमोर दुर्बिणी वाटल्या. दर्शनी भिंतीवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या संचालकांचे दगडात कोरलेले चेहरे आहेत. त्या दहा संचालकांत भारतीय दोनच, जीजीभॉय आणि नाना. मी कुठे बघायचं ते सांगत नाही. 'पगडी शोधा' एवढंच म्हणते आणि थांबते. ज्याला आधी सापडते तो शेजाऱ्याचा हात धरून दाखवतो. तो क्षण मला अजूनही तितकाच आवडतो. ही इमारत पूर्ण व्हायच्या वीसेक वर्षं आधी, १८६५ मध्ये, नाना गेले होते.

गटात एक सत्तरीचे गृहस्थ होते, एका कर्मचाऱ्याचे वडील. इतरांनी दुर्बिणी परत केल्या तरी ते बघतच होते. टाउन हॉलच्या तीस पायऱ्या ओल्या होत्या, म्हणून मी त्यांच्यासोबत हळूहळू चढले. "ताई, मी रेल्वेत रुळांच्या कामावर गँगमन होतो. मग रूळ तपासणारा की-मन झालो. कर्जतच्या घाटात," ते म्हणाले. या दिवसांत रात्रीची पावसाळी गस्त असायची. हातात कंदील, खांद्यावर हातोडा-पाना. दरडीचा आवाज आधी पायाला कळतो, मग कानाला, असं त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत रेल्वेवर वाचलेल्या कशातही मला हे सापडलं नव्हतं.

आत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात नानांच्या संगमरवरी पुतळ्यासमोर मी माझा ठरलेला शेवट सांगितला. देशातली पहिली प्रवासी आगगाडी: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. इथे टाळ्या पडतातच, तशा पडल्या.

मग त्या गँगमन काकांनी विचारलं, "रूळ टाकायला कधी घेतले?"

"३१ ऑक्टोबर १८५०. सायनजवळ."

"म्हणजे दोन पावसाळे गेले त्यात. माणसं कोण होती? कुठली?"

मला ठेकेदारांची नावं माहीत होती, फॅविएल आणि फाउलर. ती सांगितली.

"ठेकेदाराचं नाव राहतंच," काका म्हणाले. रागाने नाही.

मग मी कर्जतच्याच भोर घाटातल्या रेल्वेचं सांगितलं. १८५६ मध्ये सुरू झालेलं काम, १८६३ मध्ये सुरू झालेली वाट, पटकीने आणि अपघातांनी गेलेले हजारो मजूर. नाना तेव्हा हयात होते. सांगताना माझ्या लक्षात येत होतं की ही माहिती मला इतकी वर्षं होती आणि या फेरीत मी ती कधीच घेतली नव्हती. काका मान हलवत ऐकत होते. तो घाट त्यांच्या रोजच्या चालण्यातला होता.

कंपनीच्या आयोजकाने नंतर लिहून कळवलं, 'शेवटी विषय थोडा भरकटला.' मला हे मुळीच मान्य नाही. गौरव करायचा म्हणजे त्या माणसाभोवतीची जागा मोकळी करून घ्यायची, असं कंपन्यांना वाटतं. त्यात नाना एकटे पडतात.

घरी जाताना लोकलमध्ये सोनापूर आठवलं आणि चुटपुट लागली. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवायचा घाट सरकारने घातला, तेव्हा नाना त्याविरुद्ध उभे राहिले आणि ती जागेवर राहिली. गिरगावातल्या माणसाला आपल्या माणसाचं प्रेत खांद्यावरून किती लांब न्यावं लागेल, याचा हा प्रश्न होता. आगगाडीच्या संचालकाने तोही आपला मानला. काकांना हे सांगायला हवं होतं. टाळ्यांच्या जागी मी हेच ठेवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन करावा म्हणून नोंदणीची यादी उघडली. त्यात मुलाचं नाव होतं, विभाग होता, कर्मचारी क्रमांक होता. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, '+१'.