आईची १९८२ची वाकळ: उसवण्यापासून धुण्यापर्यंत

१५ जून

पाऊस लागला आणि माळ्यावरची वाकळ खाली काढली. आम्ही ठाण्यातले सगळे गोधडी म्हणतो, पण आई पाटणकडची, तिच्या तोंडी वाकळच. म्हणून या नोंदीतही वाकळ.

माप सहा फूट बाय पावणेचार फूट. हे माप कुठून येतं, ते नव्याने शिवणाऱ्यांसाठी सांगते. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पंचेचाळीस इंच पन्ह्याची, म्हणजे रुंदीची, असते. लांबीत तिची तिघडी केली की जवळपास सहा फुटांचा तुकडा होतो आणि पन्हा आहे तसाच राहतो. एका साडीत एका माणसाच्या पांघरुणाचे तीन थर, कात्री न लावता.

अवस्था: वरची जांभळी बुट्ट्यांची साडी मध्यभागी पार विरलेली, पायाकडच्या बाजूला आतले थर गोळा होऊन डोंगर झालेले, चारही कड धड. कड धड असली की वाकळ वाचते, हा माझा आत्तापर्यंतचा अनुभव.

२२ जून

उसवायला सुरुवात केली. सरसकट ब्लेड फिरवू नका. कापड जुनं असेल तर ब्लेडने दोऱ्याबरोबर तेही जातं. मी दर पाचवा टाका कापते आणि मग मागच्या बाजूने दोरा ओढते. ही पद्धत इथे चालेना. दोरा वीतभर सुटायचा आणि अडायचा. बघितलं तर दर हातभर अंतरावर गाठ. एकीकडे पांढरा दोरा, पुढे जरा जाड, पुढे पिवळट. आईचा हात किती सफाईदार आहे ते मला ठाऊक आहे, मग ही शिवण अशी का, ते कळेना.

संध्याकाळी तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, तो पुडीचा दोरा. रीळ कोण आणणार होतं तेव्हा?"

वाण्याकडून साखर, डाळ, चहा कागदाच्या पुडीत यायचं आणि पुडीला पांढरा दोरा गुंडाळलेला असायचा. तो कापायचा नाही, सोडायचा आणि गुंड्यावर गुंडाळायचा. तो गुंडा मला आठवतो, देवाच्या कोनाड्याशेजारी असायचा. त्याचं पुढे काय व्हायचं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. पीठ-धान्याच्या पिशव्यांच्या तोंडावरची साखळीची शिवणही ती अशीच काढायची: योग्य टोक सापडलं की एका ओढीत सगळा दोरा हातात येतो. जाड दोरा म्हणजे तो.

आता हिशेब करा. ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एवढ्या मापाच्या वाकळेत जवळजवळ १०५ मीटर शिवण बसते. गाठी आणि टोकं धरून १३० मीटर दोरा. हातभराच्या तुकड्यांनी एवढा दोरा जमवायचा म्हणजे जवळपास तीनशे पुड्या. आणि त्या वर्षी आमच्याकडे पुड्याही कमीच येत होत्या.

२९ जून

ते वर्ष म्हणजे गिरणी संपाचं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणायच्या विभागात होते, रोज ठाण्याहून करी रोडला जायचे. पहिले काही महिने ते डबा न घेता तसेच जायचे, सभेला. नंतर तेही थांबलं. मी नऊ वर्षांची होते, धाकटा भाऊ सहाचा. किसन नगरच्या चाळीत दहा बाय बाराची खोली.

घरात तेव्हा काय काय चालायचं ते थोडक्यात: जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून रफ वही. डालड्याच्या डब्यात तुळस. अण्णांच्या विजारीच्या पायांच्या दोन बाजारच्या पिशव्या. बोहारीण जिना चढून यायची, आई तिला पाणी द्यायची आणि एकही कपडा द्यायची नाही.

५ जुलै

वाकळ पूर्ण उघडली. जमिनीवर थर ओळीने मांडले आणि प्रत्येकाची चाचणी घेतली. चाचणी सोपी आहे: कडेचा एक धागा काढून पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी राहतो. दोन्ही प्रकारचे थर न धुता एकत्र शिवले की पहिल्या धुण्यात सुती आटतं, दुसरं आटत नाही, आणि सुरकुत्या पडतात त्या कायमच्या. पायाकडचा डोंगर यामुळेच झाला होता. तिथे टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाच्या, शर्टाची पाठ होती.

वरून खाली सापडलं ते असं. जांभळी साडी. तिच्याखाली आजोबांचं धोतर, घडी करून दोन थर, अजूनही सगळ्यांत मऊ. मग भावाच्या खाकी हाफपँटी उकलून जोडलेल्या, अण्णांच्या शर्टाची पाठ, गव्हाच्या पिठाची पिशवी, निळा छाप अर्धवट पुसलेला. तळाला मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, अण्णांनी संपाआधी आणलेलं.

आणि धोतर-हाफपँटीच्या मध्ये एक हिरवी साडी, तिला दंड घातलेला.

दंड म्हणजे काय ते आता नवीन मुलींना सांगावं लागतं. साडी एका जागी विरली की तो भाग आडवा कापून काढायचा आणि दुसऱ्या जुन्या साडीचा धड भाग तिथे जोडायचा. जोड निऱ्यांत जाईल अशा बेताने. ही हिरवी साडी आई माझ्या शाळेत पालकांना बोलावलं की नेसायची. दंड मला तेव्हा कधी दिसला नाही. आज चव्वेचाळीस वर्षांनी मी तो बोटाने चाचपला, दहा-बारा टाके एका इंचात. मशीन नव्हतं आमच्याकडे.

त्या साडीच्या पदराचा तुकडा कापलेला आहे. त्याचा माझा परकर झाला होता, तो मला नीट आठवतो. परकराचं पुढे पायपुसणं झालं.

म्हणून मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. हल्ली आपल्या गोधडी शिवणाऱ्यांत नवं कोरं सुती कापड आणून, त्याचे चौकोन कापून गोधडी शिवण्याची पद्धत वाढते आहे. ती सुंदर दिसते, शिवणाऱ्यांचे कष्टही खरे असतात. पण साडी, मग दंड, मग परकर, मग दुपटं, आणि दुसरं काहीच होण्यासारखं उरलं नाही की गोधडी, हा क्रम सुटला तर आपल्या हातात फक्त नक्षी उरते. निदान आतला एक थर तरी घरात वापरून विरलेला असावा, असं मला वाटतं.

१२ जुलै

आई चार दिवसांसाठी राहायला आली. थर बघून तिचा चेहरा उतरला.

"टाकून दे हे. त्या सालातलं काही नको मला."

मी म्हटलं, "आई, हिरवी साडी आहे यात."

"माहीत आहे. मीच घातली ना."

दिवसभर ती त्या खोलीत आली नाही. मला वाटत होतं तिला आनंद होईल. मी जपून ठेवायची वस्तू म्हणून बघत होते आणि ती त्या पिठाच्या पिशवीकडे बघत होती. रात्री जेवताना आपणहून म्हणाली, "करायची तर कर. पण ती पिशवी अशी आत घाल की कुणाला लागणार नाही. आणि परत माळ्यावर ठेवायची नाही. पांघरायची."

दोन्ही अटी मान्य केल्या.

२ ऑगस्ट

मधले तीन आठवडे धुणं आणि वाळवणं यात गेले. पावसाळ्यात सावरकर नगरच्या आमच्या गॅलरीत दोन दिवसांत रुमाल वाळत नाही, तर धोतर कुठलं. पंख्याखाली दोरी बांधली. पिशवीतली खळ पूर्ण जाईपर्यंत तीन वेळा गरम पाण्यातून काढली, कारण खळ राहिली की कसर लागते. थरांतल्या एका लाल काठाचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहिलं, गेला. मिठाच्या पाण्यात ठेवून उपयोग झाला नाही, म्हणून काठ सरळ कापून बाजूला ठेवला.

टेरिकॉट काढलं. त्याच्या जागी माझी स्वतःची एक सुती साडी, गुडघ्याजवळ फाटलेली. जांभळ्या साडीचा विरलेला मधला भाग तसाच ठेवून त्यावर वरून ठिगळ.

१६ ऑगस्ट

कच्चे टाके घातले. थर जमिनीवर पसरून मधून कडेकडे हाताने सपाट करत जायचं, मग वीत-वीत अंतरावर लांब टाके. यात घाई केली तर पुढे सुधारता येत नाही.

बाहेरच्या दोन फेऱ्यांचा आईचा मूळ दोरा जिथे शाबूत होता तिथे तसाच ठेवला, गाठींसकट. आतला धावदोरा नवा, जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेला जाड सुती दोरा. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. फेरी बाहेरून आत, कडेला समांतर. माझा वेग तासाला अडीच मीटर, म्हणजे रोज तास-दीड तास बसले तर महिना-सव्वा महिना. पिशवीपाशी सुई अडते, तिथे अंगुस्तानाशिवाय बसू नका.

२० सप्टेंबर

मधली हातभर जागा उरली. आई आली, पिशवीतून एक गुंडा काढून माझ्यासमोर ठेवला. पांढरा दोरा, हातभराच्या तुकड्यांना गाठी मारून गुंडाळलेला. फुलपुडीचा. तिच्याकडे रोज सकाळी फुलवाला पुडी टाकतो, ती पानात बांधलेली, दोरा गुंडाळून. जुलैपासून ती सोडून ठेवत होती.

"बारीक आहे गं. दोन एकत्र पीळ देऊन घे."

पीळ तिनेच दिला. सुईत मी ओवला, कारण तिला आता नाकं दिसत नाही. शेवटच्या चार फेऱ्या तिने घातल्या, दुपारी जेवून बसली ती दिवे लागेपर्यंत. शेवटची फट बंद करण्याआधी तिने भाकरीचा कोरडा तुकडा मागितला, बोराएवढा, आणि आत सरकवला. तिच्या आईची पद्धत. वाकळेचं पोट रिकामं ठेवायचं नाही.

घटस्थापनेच्या आदला रविवार

दसऱ्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, त्यात हीसुद्धा धुतली. मशीनमध्ये नाही. टबात अर्धा तास भिजवून पायाने तुडवली. ओली वाकळ एकटीला उचलत नाही, मुलाला घेऊन गच्चीवर नेली आणि दोन दोऱ्यांवर आडवी टाकली, म्हणजे वजन वाटलं जातं आणि टाके ताणले जात नाहीत. ऊन चांगलं होतं, चारपर्यंत वाळली.

लांबीत दीड इंच आटली, रुंदीत अर्धा. ठिगळाच्या एका कोपऱ्यात टाके सुटलेत. फुलपुडीच्या दोऱ्याच्या फेऱ्यांत एकही तुटला नाही. एकूण खर्च दोऱ्याचा आणि दोन सुयांचा, १४० रुपये.

आजपासून ती आईच्या पलंगावर आहे. ठिगळाचा सुटलेला कोपरा मी तिथेच बसून शिवते, तिने खाली काढायला नकार दिलाय. पुढचं काम त्या कापून ठेवलेल्या लाल काठाचं, जाणारा रंग थांबवायला कुणाला जमलं असेल तर मला सांगा.