खरी दिसणारी नोंद आणि कामाची नोंद: आमची वाटचाल

आमचं काम दुसऱ्यांची सॉफ्टवेअर तपासून देण्याचं, तेही ऑटोमेशनने: स्क्रिप्ट एकदा लिहायची, मग ती रोज रात्री आपली आपण चालते. सुरुवातीला सगळं लक्ष स्क्रिप्टवर असायचं. डेटासाठी ग्राहकाच्या चालू डेटाबेसची प्रत मागवायची, की झालं. हल्ली काम घेतानाच आम्ही सांगतो, प्रत नको. टेबलांची रचना आणि नियम तेवढे द्या.

नावं आणि फोन नंबर झाकले की गोपनीयतेचं काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. ते पुरत नाही. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं की जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा पाच आकडी कोड एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली सुमारे ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखता येण्याजोगी आहेत. शिवाय टेस्टिंगच्या दृष्टीनेही प्रत गैरसोयीची. नवी प्रत आली की जुन्या टेस्ट कोलमडतात, कारण ज्या ग्राहकाच्या तीन ऑर्डर गृहीत धरल्या होत्या त्याने मधल्या काळात चौथी दिलेली असते. आणि २९ फेब्रुवारीला जन्मलेला, एकही ऑर्डर नसलेला, खातं बंद करून पुन्हा उघडलेला ग्राहक हवा असेल, तर नेमका तोच प्रतीत सापडत नाही.

म्हणून सिंथेटिक, म्हणजे बनवलेला डेटा. पहिला टप्पा बहुतेकांसारखाच: बनावट नोंदी तयार करणारी फेकर ही तयार कोडची लायब्ररी घेतली आणि हजारो नावं-पत्ते पाडले. दिसायला झकास, पण रात्री पडलेली टेस्ट सकाळी पास होऊ लागली, कारण प्रत्येक वेळी डेटा वेगळा. यावरचा उपाय म्हणजे सीड. रॅण्डम आकड्यांची सुरुवात ज्या संख्येपासून होते ती ठरवून द्यायची आणि प्रत्येक रनच्या (टेस्टच्या फेरीच्या) लॉगमध्ये पहिल्याच ओळीत छापायची. टेस्ट पडली की तोच सीड देऊन तोच डेटा परत उभा करता येतो. इथे एक मेख आहे. लायब्ररीची आवृत्ती बदलली तर त्याच सीडमधून वेगळी नावं निघू शकतात, म्हणून आवृत्ती शेवटच्या आकड्यापर्यंत बांधून ठेवायची.

पुढची अडचण एकाच वेळी चालणाऱ्या टेस्टची. युजरनेम वेगळं राहावं म्हणून त्याला चार आकडी रॅण्डम शेपूट जोडायची पद्धत आहे. शक्यता १०,००० म्हणजे भरपूर वाटतात, पण साधारण १२० नोंदी झाल्या की त्यांतल्या कुठल्या तरी दोन जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाते. त्यापेक्षा रनचा क्रमांक, वर्करचा (एकाच वेळी टेस्ट चालवणाऱ्या प्रक्रियेचा) क्रमांक आणि चढता आकडा जोडावा. रॅण्डमची गरजच उरत नाही. ईमेलसाठी डोमेन ‘डॉट टेस्ट’ने संपणारं घ्यायचं. १९९९ पासून ते चाचण्यांसाठीच राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे चुकून मेल सुटला तरी कुणाच्या खऱ्या इनबॉक्समध्ये पडत नाही.

लायब्ररीची नावं फार शहाणी असतात, ही आमची खरी तक्रार. ‘क्षितिज’ घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं, युनिकोड या अक्षरांच्या मानकाच्या हिशेबाने ७ चिन्हं, यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे २१. स्तंभाची मर्यादा २० असेल आणि ती बाइटमध्ये मोजली जात असेल, तर नोंद नाकारली तरी जाते किंवा शेवटचा ‘ज’ मधोमध तुटतो. ‘ऱ’ची गंमत त्याहून मोठी: तो एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशा दोन चिन्हांत. पडद्यावर दोन्ही सारखे, पण बाइट वेगळे, म्हणून शोध लागत नाही. एनएफसी नॉर्मलायझेशनने, म्हणजे मजकूर एकाच ठरलेल्या रूपात आणण्याच्या पद्धतीने, हे दोन एकरूप होतात. पण काही कीबोर्ड ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या ऱसाठी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह टाकून तसाच आकार उमटवतात, ते मात्र वेगळंच राहतं. तिन्ही रूपं टेस्ट डेटात हवीत.

तपासणी-अंक (चुकीचा क्रमांक ओळखण्यासाठी जोडलेला अंक) असलेल्या आकड्यांत वेगळी चूक होते. कार्ड क्रमांकाला लुन पद्धत लागते: उजवीकडून दर दुसरा अंक दुप्पट करायचा, ९ च्या वर गेला तर ९ वजा करायचे, आणि बेरजेला १० ने भाग जायला हवा. ४१११ ११११ ११११ ११११ या नेहमीच्या चाचणी क्रमांकाची बेरीज ३० येते. आता हा अंक काढायला सॉफ्टवेअरमधलंच फंक्शन वापरलं, तर पेपर काढणाऱ्यानेच कॉपी पुरवल्यासारखं होतं. फंक्शन चुकलं तर डेटाही त्याच चुकीने बनतो आणि टेस्ट हिरवी. काही क्रमांक हाताने काढून ठेवलेले बरे. लुनला शेजारच्या ०९ आणि ९० ची अदलाबदल कळत नाही, म्हणून ‘अदलाबदल पकडली गेली’ अशी टेस्ट लिहिताना ही जोडी टाळायची.

सेटिंगच्या जोड्यांसाठी पेअरवाइज, म्हणजे दोन-दोन पर्यायांच्या जोड्या तपासण्याची पद्धत. दहा चालू-बंद पर्यायांच्या एकूण १,०२४ शक्यता होतात. कुठल्याही दोन पर्यायांच्या चारही जोड्या एकदा तरी याव्यात एवढंच हवं असेल तर ६ ओळींत भागतं. तीन पर्याय एकत्र आल्यावरच निघणारी चूक मात्र यातून निसटू शकते.

लोड टेस्टला, म्हणजे मोठा भार टाकून वेग पाहणाऱ्या टेस्टला, समान वाटप घातक. प्रत्येक ग्राहकाला सरासरीइतक्याच ऑर्डर दिल्या की सगळ्या क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) वेगात धावतात. प्रत्यक्षात थोड्या ग्राहकांकडे प्रचंड ऑर्डर असतात आणि पान नेमकं त्यांच्याकडेच अडकतं. इथे ग्राहकाकडून नोंदी न मागता फक्त मोजणी मागायची: किती जणांच्या शून्य, किती जणांच्या दहापर्यंत, सर्वांत मोठा आकडा कोणता.

आणि एक फाइल आम्ही हाताने सांभाळतो, ‘हट्टी नोंदी’ नावाची. प्रॉडक्शनमध्ये (ग्राहकाच्या चालू सॉफ्टवेअरमध्ये) बग निघाला की मूळ नोंद मागवत नाही, तिचा फक्त गुण विचारतो: नावाच्या शेवटी स्पेस होती, रक्कम शून्य होती, तारीख मध्यरात्रीची होती. त्या गुणाची एक बनावट ओळ फाइलमध्ये जाते, शेजारी बगचा क्रमांक. बग दुरुस्त झाला तरी ओळ काढत नाही.