अंगठ्याचं उत्तर

सकाळच्या राउंडला गेले तेव्हा पेशंटचा धाकटा भाऊ आयसीयूच्या दारातच उभा होता. "मॅडम, काल तुम्ही अँटिटॉक्सिन दिलंत ना? मग दादा आज जास्तच कसा ढिला पडला? औषध उलटलं का?"

प्रश्न रास्त होता. आदल्या दिवशी दादांच्या पापण्या लोंबत होत्या, डोळे फिरत नव्हते, गिळता येत नव्हतं. रात्रीत श्वासाचे स्नायू थकले आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. पहिले काही तास मी गियान-बारे हा नसांचा आजार धरून चालले होते, हे कबूल करते. पण त्यात लकवा बहुधा पायांकडून वर चढतो, इथे तो वरून खाली उतरत होता. ताप नाही, बधिरपणा नाही, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या. त्यात हवाबंद डब्यातलं खाणं पोटात गेल्याचं कळलं आणि बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषानं येणाऱ्या लकव्याचा, संशय आला.

नसांच्या तपासणीत संवेदनांचे सिग्नल ठणठणीत निघाले, स्नायूंचा प्रतिसाद मात्र इवलासा. मग सेकंदाला 50 च्या वेगानं शॉक दिले. ते दुखतं, आणि दादा पूर्ण शुद्धीवर होते. पण स्क्रीनवरची लाट मोठी होत गेली. दर शॉकला नसेच्या टोकात कॅल्शियम शिरतं. ते साचलं की स्नायूला निरोप देणाऱ्या रसायनाच्या उरल्यासुरल्या पिशव्या फुटतात. म्हणजे नस जिवंत होती, स्नायूही. अडला होता तो दोघांमधला निरोप्या, अ‍ॅसिटाइलकोलीन.

भावाला घेऊन दादांच्या खाटेशी गेले आणि केसपेपरच्या मागे चित्र काढलं. नसेच्या टोकात अ‍ॅसिटाइलकोलीननं भरलेल्या पिशव्या असतात. पिशवीवरचं एक प्रथिन आणि नसेच्या पडद्यावरची दोन प्रथिनं दोरखंडासारखा पीळ घालतात. तो पीळ आवळला की पिशवी पडद्याला चिकटून बाहेर उघडते. उघडली की तिच्या आतल्या बाजूचं एसव्ही२ हे प्रथिन क्षणभर उघड्यावर येतं. विषाचा जड भाग नेमका त्यालाच धरतो आणि पिशवी परत आत जाताना तिच्यासोबत आत जातो. म्हणजे जी नस जास्त राबते, तीच जास्त विष ओढून घेते. या बनावटीचा मला दर वेळी रागही येतो आणि कौतुकही वाटतं.

आत पिशवी आम्लधर्मी होते, तेव्हा विषाचा हलका भाग तिच्या भिंतीतून निसटतो. ही जस्तावर चालणारी कात्री. दादांच्या नमुन्यात पुढे विषाचा 'ए' प्रकार निघाला. तो पडद्यावरच्या त्या दोन प्रथिनांपैकी एक, स्नॅप-२५, कापतो. 206 अमिनो आम्लांपैकी शेवटची फक्त 9 छाटली जातात, तरी पीळ नीट बसत नाही. पिशव्या भरलेल्या, पडद्याशी तयार, पण उघडत नाहीत.

"आणि औषध?"

"ते रक्तात फिरणारं विष पकडतं. नसेत शिरलेल्याला हात लावू शकत नाही. रात्री जे वाढलं, ते आधीच आत गेलेल्या विषानं."

गंमत म्हणजे हेच विष मी ओपीडीत पापण्या घट्ट आवळल्या जाणाऱ्या पेशंटना सुईनं देते. अमेरिकेत 1989 मध्ये त्याला पापण्यांच्या याच आजारासाठी आणि तिरळेपणासाठी मान्यता मिळाली. ओपीडीत तीनेक महिन्यांनी पेशंट परत येतो, असर उतरला म्हणून कुरकुरत. इथे आम्ही त्याच उताराची वाट पाहणार होतो. आधी नसेला नवे फाटे फुटतात, मग जुनं टोक पुन्हा कामाला लागतं.

भाऊ कागदाकडे बघत राहिला. तेव्हा मला भान आलं, की हे सगळं दादांच्या उशाशी चाललं होतं आणि त्यांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. पायाचा अंगठा तेवढा अजून हलत होता; एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं आदल्या दिवशीच ठरलं होतं.

बोटानं त्यांची पापणी उचलून मी विचारलं, "दादा, कळलं का?"

अंगठा हलला. थांबला. पुन्हा हलला.

मी स्टूल ओढून बसले, कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.