तुम्ही विचारलंत म्हणून : कामाठीपुऱ्यातले दलाल गेले कुठे?

समाजकार्याच्या कॉलेजातली मुलं विचारतात, पत्रकार विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत जाऊबाईंच्या भावाने विचारलं, तुमचे वडील त्या लाईनला होते ना, मग आता ते दलाल गेले कुठे सगळे? विचारणाऱ्याला खरं तर दुसरंच हवं असतं, मला वडिलांची लाज वाटते की नाही ते. मी दलालांचं सांगत बसते आणि समोरचा माझ्या तोंडाकडे बघत बसतो. एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

तर हो, अण्णा दलाल होते. कामाठीपुरा म्हणजे मुंबईतली जुनी वेश्यावस्ती, तिच्या जवळच्या पिला हाऊसच्या नाक्यावर उभे राहायचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. गिऱ्हाईक हेरायचं, गोड बोलून गल्लीत न्यायचं, घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, दारात सोडायचं, कमिशन घेऊन परत नाक्यावर. सिनेमातला दलाल चाकू काढतो, अण्णांना साधी मारामारी जमायची नाही. १९८२ च्या गिरणी संपाआधी ते गिरणीत बदलीवर होते, म्हणजे कुणी कामावर आलं नाही की त्याच्या जागी, संपात सगळं गेलं आणि गाववाल्याने हे काम दाखवलं. कॉलेजात असताना मी ही गोष्ट इथेच थांबवायचे, गिरणी गेली म्हणून दलाल झाले, बस. आता स्वतःलाच म्हणते, बाई गं, अडीच लाख कामगार संपावर गेले होते, कुणी भाजी विकली, कुणी वॉचमन झालं, कुणी गावी गेलं, ते सगळे काय पिला हाऊसला येऊन उभे राहिले? मग वाटतं, पण एखादा तर राहणारच होता की.

पैशाचं सांगते कारण ते कुणी विचारत नाही. नवीन मुलगी विकत आणलेली असेल तर तिच्या नावावर कर्ज लागायचं आणि ते फिटेपर्यंत तिला दोन वेळचं जेवण, बाकी शून्य. फिटलं की अधिया, म्हणजे निम्मं तिचं निम्मं घरवालीचं. त्यातून पुन्हा व्याजवाला, हप्ता, डॉक्टर, साडीवाला. घरवालीकडून खोलीमालक घेणार. दलालाचा वाटा यात सगळ्यात बारका, पण रस्त्यावर दिसायचा तोच, म्हणून शिव्या त्याच्या वाट्याला. खोलीमालकाला भडवा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, त्याला शेठ म्हणायचे.

आणि कायदा. आपण ज्याला पिटा म्हणतो त्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात रस्त्यावर गिऱ्हाईक बोलवल्याबद्दल पुरुषाला ७ दिवस ते ३ महिने, आणि बाईला त्याच गुन्ह्यात पहिल्यांदाच ६ महिन्यांपर्यंत. वाचून बघा, आहे तसं. अण्णा आत जाऊन यायचे, आल्यावर दाढी करून परत नाक्यावर. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असंही आहे की धंद्याच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा १८ वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार, म्हणजे आईच्या पैशावर कॉलेजला जाणारा तिचा मुलगासुद्धा. माझी फी, युनिफॉर्म, शिकवणी, सगळं त्याच पैशातलं. मी फक्त वयाने लहान होते.

आता ते, जे मी कुणाला सांगत नाही.

१९९५ चा जून, शाळा सुरू होणार होती, अण्णा मला दप्तर घ्यायला मुंबई सेंट्रलच्या बाजूला घेऊन निघालेले. बेलासिस रोडच्या कोपऱ्यावर एक मुलगी समोर आली, गाऊनवर ओढणी, हातात प्लास्टिकची पिशवी, पायात काही नाही. माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. मोडक्या हिंदीत म्हणाली, भाईसाब, टेसन किधर? मला वाटतं माझ्यामुळे विचारलं तिने, मुलगी बरोबर असलेला माणूस म्हणजे बरा असणार. स्टेशन नाकासमोर होतं, मी हात वर करून दाखवणार तेवढ्यात अण्णांनी माझा हात खाली घेतला, ओरडून नाही, हळूच. म्हणाले, थक गयी होगी, पहले चाय पी ले. टपरीवर तिला बाकड्यावर बसवलं, कटिंग दिली, मला बिस्किट. चहावाल्या पोराच्या कानात काहीतरी बोलले आणि तो पळाला. ती दोन्ही हातांनी ग्लास धरून फुंकर मारत होती. मी तिच्या पायांकडे बघत होते, डांबर लागलेलं. थोड्या वेळाने घरवाली आली, बरोबर दोन बायका. तिने आरडाओरडा केला नाही. पिशवीतून चपला काढल्या, वाकून तिच्या पायांशी ठेवल्या आणि म्हणाली, चल बेटा. मुलीने अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चपला घातल्या. जाताना घरवालीने माझ्या हातात पन्नासची नोट दिली, खाऊ घे म्हणून. त्या दिवशी दप्तर जरा भारीतलं आलं, दोन चेनचं.

खूप वर्षांनी अण्णांना विचारलं. म्हणाले, स्टेशनवर दुसऱ्या कुणी उचलली असती, आणि मी सोडली असती तर तिचं कर्ज माझ्या अंगावर आलं असतं. दोन्ही खरं असेल. मला त्याने काही फरक पडला नाही, आणि पडला नाही म्हणूनही वाईट वाटलं, कारण ते तेव्हा डायलिसिसवर होते.

पुढे १९१७ चं एक प्रकरण वाचनात आलं. डंकन रोडवर, म्हणजे आताच्या मौलाना आझाद रोडवर, अकूताई नावाच्या बाईने पळायचा प्रयत्न केला म्हणून कुंटणखाना चालवणाऱ्यांनी तिला हाल करून मारलं. त्यावरून शहरात बोंब उठली, चौकशी समिती झाली आणि १९२३ ला मुंबईत दलालांना आणि कुंटणखानेवाल्यांना धरणारा कायदा आला. त्या आधी सरकारची सगळी काळजी गोऱ्या शिपायांच्या रोगांची, आणि सफेद गल्लीतल्या युरोपियन बायकांचे गोरे दलाल तेवढे बोटीत बसवून परत पाठवायचे. आपल्या बायकांसाठी एक अकूताई मरावी लागली. वाचताना सारखं मनात, तिलाही कुणीतरी चहा पाजून बसवून ठेवलं असेल का.

त्या जूननंतर आठेक महिन्यांनी, फेब्रुवारी १९९६ ला, मोठी धाड पडली. चारशेहून जास्त मुली काढल्या, त्यात नेपाळच्या बऱ्याच, आणि नेपाळ सरकार त्यांना लगेच घ्यायला तयार नव्हतं. ती मुलगी त्यात होती का ते कळलं नाही, त्या घराला मात्र नंतर कुलूप होतं.

हं, दलाल गेले कुठे. एड्सच्या भीतीने गिऱ्हाईक तुटलं, धाडींनी मुली पांगल्या, कुणी भिवंडी, कुणी तुर्भे. जागेचे भाव चढले आणि खोल्यांमध्ये पिशव्या शिवणारे कारखाने आले. पालिकेचे म्हणून आकडे छापले जातात, १९९२ ला ५०,००० बायका आणि २००९ ला १,६००. पण अण्णांना विचाराल तर ते म्हणायचे, मोबाईलने मारलं. २००३ ला इनकमिंग फुकट झालं आणि बायकांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना थेट नंबर द्यायला सुरुवात केली. एक बाई त्यांना तोंडावर म्हणाली, अण्णा, आता तुमचं काय काम? संध्याकाळी घरी येऊन हे सांगताना ते हसत होते. मला त्या बाईचं कौतुक वाटलं आणि तोंडाने मी म्हणाले, बघा कशी उलटली.

दलाली संपलेली नाही. आता फोनवर फोटो येतात, ॲडव्हान्स क्यूआर कोडवर जातो, पलीकडे कोण बसलंय ते मुलीलाही माहीत नसतं. पोलीस बनावट गिऱ्हाईक पाठवून धाड टाकतात, त्यात सापडतो तो रिक्षावाला किंवा लॉजचा पोऱ्या. पिला हाऊसच्या दलालाचं घर तरी बायकांना माहीत होतं, रागावल्या की आमच्या दारात येऊन आईसमोर त्याची आयमाय काढायच्या.

आणि एवढं विचारताच आहात तर खोलीमालकांच्या मुलांनाही कधीतरी विचारा. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला पुढच्या खुर्च्यांवर असतात, भेटतील. हे बोलले की नवरा म्हणतो, झालं, परत अण्णांना वाचवायला लागलीस. असेल. त्यालाही ते दप्तराचं अजून सांगितलेलं नाही, आता वाचेल.