सातवी चौकट

बंद पडलेल्या एका दगडखाणीत मी दरवर्षी मोजणीला जाते. मीटरभर लांब-रुंद बारा चौकटी आखलेल्या आहेत. प्रत्येकीत काय उगवलं, किती जागा व्यापली, एवढंच लिहायचं. खाणीचं एक टोक आधी सोडलं गेलं, दुसरं अगदी शेवटी. त्यामुळे जुन्या टोकाच्या झुडपांतून नव्या टोकाच्या उघड्या कातळाकडे चालत गेलं की काळ उलटा पाहिल्यासारखं होतं. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर असाच पाण्यापासून आत आत चालत गेला आणि वाळूवर जंगल कसं येतं ते १८९९ मध्ये त्याने मांडलं.

सातवी चौकट नव्या टोकाला. चार वर्षं तिच्यापुढे मी शून्य लिहिलं होतं. यंदा त्या शून्याला वजन आलं होतं. त्या भागावर बाहेरची माती पसरून रोपं लावायची, असा प्रस्ताव होता, आणि तिथे काहीच नाही हा त्यातला आधार माझ्या आकड्यांचा होता.

सोबतच्या मुलाने वही उघडून विचारलं, "ताई, शून्यच ना?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात कडेच्या कपारीत काहीतरी चमकलं. कोळ्याचं जाळं. त्यात तीन-चार चिलटं अडकलेली.

"इथे गवताची काडी नाही, मग हा जगतो कशावर?" त्याने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. वाऱ्यावर येईल ते खाऊन जगतो, आणि बहुधा स्वतःही रेशमाच्या धाग्यावर तरंगत वाऱ्यानेच आलेला असतो. इंडोनेशियातला क्राकाटोआ बेटावरचा ज्वालामुखी ऑगस्ट १८८३ मध्ये फुटला. मे १८८४ मध्ये तिथे गेलेल्या अभ्यासकाला सगळ्या राखेत एकच जीव सापडला: जाळं विणत बसलेला एक चिमुकला कोळी. हे मी कितीदा वर्गात सांगितलंय! आणि स्वतःच्या चौकटीत मात्र हिरवं दिसलं नाही की शून्य लिहून पुढे गेले.

मग आम्ही गुडघे टेकले. भिंग काढलं. कातळावरचे करडे डाग मी दगडाचाच रंग समजत होते. ते दगडफूल निघालं, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याची आम्लं दगड हळूहळू पोखरतात आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर धूळ टिकते. एका भेगेत काळपट चुरा होता. त्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. मिनिटभरात चुऱ्याची मिटलेली पानं उलगडली आणि भेग हिरवीगार झाली. मॉस! मी दरवर्षी ऐन कोरड्या दिवसांत येत होते, त्यामुळे ते मला कधी जागं भेटलंच नव्हतं.

मुलगा काहीच बोलला नाही. बोटभर लांबीच्या त्या हिरव्या रेघेकडे बघत राहिला.

चिमूटभर मॉस आम्ही सोबत आणलं. संध्याकाळी भिजवून पिळलं आणि त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर आठ पायांचा एक टार्डिग्रेड, म्हणजे ओलाव्यात राहणारा अतिसूक्ष्म प्राणी, संथपणे चालत होता. म्हणजे तिथे राहणारे होते, शिकारी होता, मेलेल्या चिलटांचं खतही पडत होतं. आइसलँडजवळ १९६३ मध्ये समुद्रातून वर आलेल्या सुर्टसी बेटावर बराच काळ वनस्पती तुरळकच होत्या. १९८०च्या दशकात कुरव पक्ष्यांनी वसाहत केली, त्यांच्या विष्ठेतून नायट्रोजन मिळाला आणि मगच हिरवळ दाटली. आधी झाडं, मग प्राणी, हा पाठ केलेला क्रम जमिनीवर दर वेळी तसाच पाळला जात नाही.

रात्री मी पत्र लिहिलं. बाहेरची माती पसरली तर दगडफूल आणि मॉस गाडलं जाईल, मातीबरोबर आलेलं तण रान माजवील, आणि ज्या शून्यावर प्रस्ताव उभा आहे ते शून्य चुकीचं आहे, हे स्पष्ट लिहिलं. चूक माझी आहे, हेही. नवं टोक निदान पाच वर्षं तसंच सोडा, अशी मागणी केली.

उत्तर अजून आलेलं नाही. पहिल्या पावसानंतर आम्ही दोघं भिंग घेऊन पुन्हा जाणार आहोत, या वेळी सातव्या चौकटीपासून सुरुवात करून.