ढगच बघायचे तर एवढ्या लांब कशाला?

पेरूला जाऊन आले म्हटलं की समोरच्याच्या तोंडी पहिला शब्द येतो माचू पिचू. तिथे नाही, आम्ही उत्तरेला चाचापोयासच्या बाजूला गेलो होतो, असं सांगून मी फोटो दाखवायला घेते, आणि दोनचार फोटो सरकले की प्रश्न येतोच: "अगं, पण यात सगळं धुकंच आहे की! ढगच बघायचे होते तर महाबळेश्वर काय वाईट होतं?" आत्यानं विचारलं, शेजारच्या काकांनी विचारलं, ऑफिसात तर जेवणाच्या सुट्टीत ठरून विचारतात. गड फिरणारी मित्रमंडळी हाच प्रश्न जरा ऐटीत विचारतात: "जुलैत राजगडावर ये, फुकटात दाखवतो." आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं नीट लिहून टाकते.

महाबळेश्वर अजिबात वाईट नाही. फरक आहे तो ढगांच्या मुक्कामाचा. आपल्याकडे मोसमी वारे चार महिने ढग आणून ओततात आणि होळीपर्यंत सह्याद्री वाळून पिवळा पडतो. अँडीजच्या पूर्वेकडच्या उतारावर वारा येतो ॲमेझॉनच्या खोऱ्यातून, आणि ते खोरं वर्षभर ओलंच असतं. ती दमट हवा डोंगराला आपटून वर चढते, थंड होते, आणि साधारण दीड ते तीन हजार मीटरच्या पट्ट्यात तिचे ढग होऊन झाडांतच अडकतात. मग पाऊस पडो न पडो, पानं, शेवाळ, फांद्यांवर वाढलेली ऑर्किड आणि ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातली झाडं) ढगातलं पाणी धरून ठेवतात आणि थेंबाथेंबानं खाली सोडतात. कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या दिवशीसुद्धा रानात टपटप चालू असते. त्या मुलखात बघण्यासारखं जे काही आहे, ते या पाण्यानं एक तर घडवलंय, नाही तर पाडलंय, नाही तर चुकून सोडून दिलंय. मला विचाराल तर तिथे फिरताना एवढ्यावरच लक्ष ठेवावं: पाणी कुठून येतं आणि कुठे मुरतं. बाकीचं आपोआप समजत जातं.

डोंगरावरच्या कुएलाप या जुन्या तटबंद वस्तीपासून सुरू करते, कारण गडवाल्यांना तेच ऐकायचंय. उंची सुमारे 3000 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीला थोडी कमी. डोंगराच्या धारेवर जवळपास 600 मीटर लांब आणि 110 मीटर रुंद पसरलेली वस्ती, भोवती चुनखडीच्या घडीव दगडांचा तट, काही ठिकाणी 20 मीटरपर्यंत उंच. बांधणारे चाचापोया लोक, इंका नव्हेत. बांधकाम सहाव्या शतकाच्या आसपास सुरू झालं आणि पुढे कित्येक पिढ्या चालत राहिलं. इंकांनी हा मुलूख जिंकला तो पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंकांचं माचू पिचू उभं राहत होतं तेव्हा कुएलापमध्ये शेकडो वर्षांची वस्ती होती, हे ऐकल्यावर आमच्याकडची मंडळी जरा सावरून बसतात. स्पॅनिश आल्यावर सोळाव्या शतकात जागा ओस पडली, रान माजलं. 1843 मध्ये हुआन क्रिसोस्तोमो निएतो नावाचे चाचापोयासचे न्यायाधीश कामानिमित्त त्या बाजूला गेले असताना गावकऱ्यांनी त्यांना वर नेलं, तेव्हा कुठे बाहेरच्यांना पत्ता लागला.

आम्ही गेलो 2019 मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी नुएवो तिंगोहून केबल कार सुरू झाली होती, पेरूतली पहिली. चार किलोमीटर, वीस मिनिटं. त्याआधी दीड तास घाटातली वळणं खात जावं लागे, किंवा सरळ पायी चढावं लागे. पाळणा दरीवर आला की खाली मक्याची शेतं दिसतात, मग ढगात शिरतो आणि काहीच दिसत नाही. उतरल्यावर दोनेक किलोमीटर चाल आहे. तट एकदम समोर उभा राहतो. लांबून दिसणारा देखावा वगैरे आमच्या नशिबी नव्हता.

आत जायच्या वाटा तीन. मुख्य वाट बाहेर चांगली रुंद आहे, पण चढत चढत आत जावं तशी दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येतात आणि शेवटी एका वेळी एकच माणूस जाईल एवढी फट उरते. दोन्ही हात पसरले की तळवे ओल्या दगडाला टेकतात. फटींतून नेच्याची पानं बाहेर आलेली, वर आकाशाची पांढरी पट्टी, बस्स. माझ्यासारख्या गोमुखी दरवाजे बघत वाढलेल्या माणसाला इथे शंकाच येत नाही: हा किल्ला. उत्तरेच्या बुरुजाजवळ गोफणीच्या दगडांचा साठाही सापडलाय, आणखी काय हवं?

पण अभ्यासक एवढ्यावर ऐकत नाहीत. वर पोचल्यावर चारशेच्या वर गोल घरांची जोती आहेत. आपल्या गडांवर वाड्यांची चौकोनी जोती बघायची सवय, त्यामुळे नुसती गोलाई बघूनच गंमत वाटते. मध्येच एखादं चौकोनी दिसलं तर ते इंकांनी नंतर बांधलेलं. घरांत दळायचे दगड आहेत, गिनीपिग पाळायचे दगडी बोळ आहेत, आणि जमिनीखाली आपल्याच माणसांना पुरायचे खड्डेसुद्धा. काही जोत्यांवर शंकरपाळ्याच्या आकाराची दगडी नक्षी आहे. दक्षिणेला 'एल तिंतेरो', म्हणजे दौत, नावाची इमारत आहे, खाली निमुळती आणि वर रुंद, आत बाटलीसारखी पोकळी. कुणी तिला वेधशाळा म्हणतं, कुणी तुरुंग, कुणी पूजेची जागा. तिथे माणसांची हाडं आणि मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले होते. शिवाय तो भला मोठा तट बऱ्याच ठिकाणी संरक्षक भिंतीपेक्षा धारेवरचा भराव तोलून धरणाऱ्या बांधासारखा आहे. आतली जमीन तटाच्या उंचीपर्यंत भरून घेतलेली. आमच्या गाईडबाई म्हणाल्या, "एवढं बांधणारा माणूस नुसता शत्रूला घाबरून बांधत नाही." मला पटलं अर्धंच. आपल्याकडेही गडावर देवीचं देऊळ असतं, बाजार असतो, राहती घरं असतात. म्हणून कुणी गड नाही म्हणत नाही. दोन्ही एकाच वेळी असायला काय हरकत आहे?

मात्र भरावाचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. तटाची बाहेरची बाजू घडीव दगडाची, आत माती आणि दगडगोटे. पाणी त्या मातीत मुरतं, माती फुगते आणि दगडांना बाहेर ढकलते. तटाला पोट सुटतं, हे गड फिरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. आम्ही गेलो तेव्हाच काही ठिकाणी लाकडी टेकू लावलेले होते. एप्रिल 2022 मध्ये जोरदार पावसानंतर दक्षिणेकडच्या तटाचा मोठा भाग खाली आला आणि कुएलाप बंद झालं. 2023 च्या ऑगस्टमध्ये ठरावीक वाटांपुरतं पुन्हा उघडलं. विजयदुर्ग आणि पन्हाळ्याच्या तटाच्या बातम्या वाचून जो गोळा पोटात येतो, तोच त्या दिवशी आला. म्हणून निघण्याआधी कुठला भाग उघडा आहे ते बघून घ्या. मुख्य वाटेनं आत जाता येईलच असं धरून चालू नका.

आता पाण्यानं सोडून दिलेल्या गोष्टी. एवढ्या दमट हवेत कापड आणि हाडं टिकणारच नाहीत असं वाटतं, आणि उघड्यावर टिकतही नाहीत. पण चाचापोयांनी मेलेली माणसं ठेवली कड्यांच्या पोटात, वरचा कातळ पुढे आलेला असतो अशा कपारींत, जिथे पावसाची सर पोचत नाही. काराहियाला दरीच्या एका कड्यावर अडीच मीटर उंचीचे मातीचे पुतळे ओळीनं उभे आहेत, लांबट चेहऱ्यांचे, पुढे आलेल्या हनुवटीचे, पांढऱ्या रंगावर लाल-पिवळे पट्टे ओढलेले. ते नुसते पुतळे नाहीत, शवपेट्या आहेत. आत लाकूड, वेत आणि माती, आणि त्यात बसवलेला माणूस. काहींच्या डोक्यावर खरी कवटी आहे. आठ होते, 1928 च्या भूकंपात एक खाली गेला. फेदेरिको काउफमान दोइग या पेरूच्या पुरातत्त्वज्ञांनी 1985 मध्ये त्यांचा अभ्यास केला. तिथे जवळ जाता येत नाही, मान वर करून खालूनच बघायचं. दुर्बीण न्या. नेलीच पाहिजे.

दक्षिणेला गाडीनं काही तासांवर लेइमेबाम्बा आहे. तिथल्या डोंगरांत 'लागुना दे लोस कोंदोरेस' नावाचं तळं आहे, आणि तळ्यावरच्या कड्यात दगडी समाध्या. गुरांसाठी रान मोकळं करणाऱ्या मजुरांना त्या दिसल्या आणि खजिना मिळेल म्हणून त्यांनी कोयत्यानं गाठोडी फाडायला सुरुवात केली. 1997 मध्ये सोनिया गियेन यांच्या पथकानं उरलेलं सगळं खाली आणलं: दोनशेहून जास्त ममी, आणि इंकांचे दोऱ्यांच्या गाठींतले हिशेब, किपू. त्यासाठीच 2000 मध्ये लेइमेबाम्बाचं संग्रहालय उघडलं. काचेपलीकडे तापमान आणि आर्द्रता राखलेल्या खोलीत त्या ममी गुडघे छातीशी घेऊन बसल्या आहेत. काही अजून गाठोड्यातच आहेत, आणि गाठोड्याच्या कापडावर दोऱ्यानं चेहरा भरलाय: दोन डोळे, नाक, तोंड. लहान मूल काढेल इतका साधा. मी त्यातल्या एका चेहऱ्यासमोर बराच वेळ उभी होते. टाके मोठे आहेत, तोंडाची रेघ जरा तिरकी गेलीय. कुणीतरी घाईत किंवा रडत घातलेले टाके वाटतात, पण हे माझं आपलं मत. कड्यातल्या कोरड्या, गार हवेत पाचशे वर्षं टिकलेलं ते कापड आता यंत्रांच्या भरवशावर आहे.

माझ्या मावसबहिणीला या सगळ्यात काडीचा रस नव्हता; ती पक्ष्यांसाठी आली होती. संग्रहालयासमोर एक कॅफे आहे, तिथे साखरपाणी टांगून ठेवतात आणि हमिंगबर्ड येतात. त्यातला एक पक्षी जगात फक्त उत्तर पेरूच्या याच डोंगरांत, मुख्यतः उत्कुबाम्बा नदीच्या खोऱ्याच्या आसपास सापडतो. नराच्या शेपटीला पिसं चारच, त्यातली दोन लांब तारेसारखी, एकमेकांना ओलांडून जाणारी, आणि टोकाला निळ्या-जांभळ्या चकत्या. तो उडतो तेव्हा पक्षी एकीकडे आणि चकत्या दुसरीकडे उडताहेत असं वाटतं. ती चहा निववून बसली होती. मी कॉफी दोनदा मागवली.

गोक्ता धबधब्याबद्दल सगळे उत्साहानं विचारतात, कारण तो आकडा सांगता येतो: 771 मीटर, दोन टप्प्यांत, वरचा 231 आणि खालचा 540. गावकऱ्यांना तो अर्थातच पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. खाली डोहात सोन्याची राखण करणारी जलपरी आहे अशी त्यांच्यात कथा आहे, त्यामुळे फारसं कुणी जवळ जात नसे. 2006 मध्ये श्टेफान झिमेनडॉर्फ या जर्मन गृहस्थांनी मापं जाहीर केली आणि जगातला तिसरा उंच धबधबा म्हणून गाजावाजा झाला. तो क्रमांक मागाहून वादात पडला; सोडून द्या, मान दुखायची ती दुखतेच. कोकाचिंबा गावाहून एका बाजूला अडीच तासांची चाल आहे, चढउतारांची, घोडाही मिळतो. कोरड्या दिवसांत धार इतकी बारीक होते की खाली पोचायच्या आत वारा तिचा फवारा करून टाकतो. भर पावसाळ्यात पाणी दणकून असतं, पण रस्त्यांवर दरडी येतात. मे-जून सगळ्यात बरा: पाऊस ओसरलेला, रान भरलेलं. वाटेवर पिवळ्या शेपटीचं लोकरी माकड दिसतं म्हणतात. ते नामशेष झालं असंच धरलं होतं, 1974 मध्ये पुन्हा सापडलं. आम्हाला नाही दिसलं.

दिसली ती गुरांसाठी साफ केलेली डोंगरउतारं, विशेषतः लेइमेबाम्बाच्या रस्त्याला. रान गेलं की ढग येतो तसाच निघून जातो, त्याला धरून ठेवणारं पान उरत नाही. चाचापोयास शहराचं पिण्याचं पाणी तिलाकांचा नावाच्या डोंगरातून येतं, आणि ते रान लेवांतो आणि माइनो या दोन गावांनी स्वतःहून राखीव केलंय. ते प्रवाशांच्या यादीत नसतं.

जायचं कसं, हेही विचारता म्हणून. लिमाहून हाएनला विमान, पुढे गाडीनं चार तास. किंवा चिक्लायोहून रात्रीची बस. मुक्काम चाचापोयासला करा. ते 2335 मीटरवर आहे, माचू पिचूला जाणारे जिथे उतरतात त्या कुस्कोपेक्षा हजार मीटर खाली, त्यामुळे विरळ हवेचा त्रास त्या मानानं कमी. माचू पिचू आणि हे, दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा. दगडाचं काम तिथलं जास्त देखणं आहे, हे मी कुएलापची बाजू घेऊनही कबूल करते. खाण्याचे हाल होतील म्हणून घाबरू नका. बटाटा आणि मका त्यांच्या घरचा, आणि 'पुर्तुमुते' नावाचा घेवड्याच्या दाण्यांचा आणि मोठ्या मक्याचा पदार्थ मिळतो, त्यावर हिरवी मिरची चुरडली की आपलंच जेवण. शाकाहारी असाल तर 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, म्हणायचं, मान डोलावली तरी पुन्हा म्हणायचं, आणि सूप आलं की आधी चमचा तळापर्यंत फिरवून बघायचा.