नायलॉन गिअर पुन्हा गेला, पण या वेळी कारण हाती लागलं

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं की माझ्या ई-सायकलच्या मोटरमध्ये नवा नायलॉन गिअर बसवला, आवाज गेला, विषय संपला. तो संपला नव्हता. पहिला गिअर २,९०० किमी चालला, हा दुसरा ६४० किमीतच गेला. केरीहून चोर्ला घाट चढताना अर्ध्यावर तीच कटकट सुरू झाली, आणि दोन वळणांनंतर मोटर आपली आपण गरगरू लागली. क्रँकला (पायडलच्या दांड्याला) ताकद शून्य. परत डिचोलीला येईपर्यंत डोक्यात एकच प्रश्न होता: इतक्या लवकर का?

माझा पहिला संशय आपल्या हवेवर होता. नायलॉन हवेतली ओल शोषतं, थोडं फुगतं आणि मऊ पडतं. त्यात चढावर मोटर तापली की आणखी मऊ. गोव्यातल्या पावसाळ्यात याहून वेगळं काय होणार, असं धरून पितळी गिअर मागवायच्या बेतात होतो. पण जुना गिअर पुसून उजेडात धरला तेव्हा दिसलं की दाते फक्त क्लचच्या बाजूने खाल्ले गेलेत. दुसरी कड जवळजवळ नवी. उष्णतेने किंवा जादा भाराने गेले असते तर पूर्ण रुंदीवर झिजायला हवे होते.

दाते कुठे टेकतात ते दाखवणारा मार्किंगचा निळा रंग घरात नव्हता. आईकडून चिमूटभर पिंजर घेतली, खोबरेल तेलात कालवली आणि सुट्या ठेवलेल्या तिसऱ्या गिअरच्या दात्यांना पातळ लावली. हाताने चार फेरे फिरवून उघडलं. पिंजर पुसली गेली ती एका कडेच्या जेमतेम एक तृतीयांश पट्टीत! म्हणजे शाफ्टच तिरका चालत होता. तो क्षण मी विसरणार नाही.

शाफ्टचं बेअरिंग काढलं तर आत गंज, आणि बोटाला जाणवेल इतका खेळ. दोन्ही बाजूंना नुसते पत्र्याचे शील्ड, म्हणजे झेडझेड. मागच्या वेळी मी ते फिरवून बघितलं होतं, हलवून बघितलं नव्हतं. तुम्ही दोन्ही करा. गंजाचा बारीक ओघळ बेअरिंगपासून मागे नेला तर तो थेट वायरच्या रबरी बुचापाशी पोचला. माझी वायर वरून सरळ उतरत बुचात शिरते, त्यामुळे पावसाचं पाणी तिच्याच अंगावरून आत. घराला वीज येते ती वायर आधी खाली झोल देऊन मग वर आत घेतात, ते उगाच नाही.

म्हापशाच्या दुकानातून दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं टू-आरएस बेअरिंग आणलं. ऑनलाइन मागवलेल्या एका पाकिटावर टू-आरएस छापलेलं होतं, आत झेडझेड निघालं. बेअरिंग डोळ्यांनी बघूनच घ्यावं हे माझं मत पक्कं झालंय. वायरला झोल दिला. बुचाभोवती सिलिकॉन लावलं, पण न्यूट्रल क्युअरचं. व्हिनेगरसारखा वास येणारं तांब्याला खातं, ते वापरू नका.

सोबत पुढची चेनरिंग (पायडलजवळची दातेरी चकती) ४२ दात्यांची काढून ३४ ची लावली. मागे ३२ दात्यांवर ताशी ८ किमीला कॅडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) ४८ होता, आता ६०. मोटर त्याच वेगाला जास्त फिरते, कुंथत नाही. करंटची मर्यादाही १५ वरून १२ अँपिअर केली. गुंडाळीचं तापणं करंटच्या वर्गाने वाढतं, म्हणजे करंट ८० टक्के केला की ती उष्णता साधारण ६४ टक्क्यांवर येते. सरळ मोठी मोटर घे म्हणणाऱ्यांना: ०.२५ किलोवॅट किंवा ताशी २५ किमीच्या पुढे गेलं की ती कायद्याने सायकल राहत नाही, नोंदणी आणि लायसन्स आलंच.

तिसऱ्या गिअरवर २१० किमी झाले, त्यात चोर्ला दोनदा. काल पुन्हा पिंजर लावून पाहिलं: पट्टा दात्याच्या पूर्ण रुंदीभर. पितळी गिअर रद्द. तो तुटणार नाही, पण सगळे धक्के क्लचवर जातील, आणि क्लच गिअरपेक्षा महाग. त्याऐवजी कुंडईच्या एका वर्कशॉपमध्ये अॅसिटल या कडक प्लास्टिकचा गिअर हॉब करून (दाते कापून) मिळेल का ते विचारणार होतो. ते नायलॉनपेक्षा पाणी फार कमी पितं.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच लक्षात आलं. चढावर तापलेल्या मोटरवर पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढते. बुच मी बंद केलं, म्हणजे आता ती ओढ क्रँकच्या सीलवर येणार, आणि तिथे तर चाकाने उडवलेला तांबडा चिखल! मोटरसायकलच्या गिअरबॉक्सला असते तशी श्वासनळी हवी. आवरणाच्या वरच्या बाजूला भोक, त्यात फिश टँकची ४ मिमी नळी, टोक सीटखाली वळवून स्पंजचा तुकडा. अॅसिटल आता नंतर. भोक हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) वायरींपासून लांब कुठे मारता येईल, कुणी हे आवरण उघडलं असेल तर आतला फोटो टाका. शनिवारी ड्रिल हातात घेण्याआधी मला तो हवा आहे.